अवयव छापले जाईपर्यंत

बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत घडलेल्या संशोधकांच्या ‘पँडोरम टेक्नॉलॉजीज’ने डिसेंबर २०१५ मध्ये मानवी यकृताची ऊती त्रिमित छपाईने तयार केल्याचे जाहीर केले. देशाला अभिमान वाटावा असेच ते यश होते. तरीही प्रत्यारोपण करता येईल असे संपूर्ण यकृत आजही जगातल्या कोणत्याच यंत्रातून निघत नाही.

जिवंत पेशी मिसळलेल्या जैवशाईचे थर यंत्र अचूक रचते. पण त्या पेशी जगवायच्या, तर प्रत्येकीपासून मिलिमीटरच्या पाचव्या हिश्शाच्या आत रक्तवाहिनी हवी. हे सूक्ष्म जाळे विणून रुग्णाच्या रक्ताभिसरणाशी जोडणे, हा खरा अडसर आहे. डोळ्याच्या कॉर्नियात रक्तवाहिन्याच नसतात, म्हणून तिथे वाट थोडी सोपी. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्र संस्थेने आयआयटी आणि सीसीएमबी या जीवशास्त्र संशोधन संस्थेच्या साथीने छापलेला कॉर्निया २०२२ मध्ये सशाच्या डोळ्यात बसवला. यकृताच्या छापील ऊतीचाही उपयोग आजच आहे: औषध यकृताला घातक ठरेल का, हे तिच्यावर तपासता येते.

या मर्यादा रुग्णाला स्पष्ट सांगितल्या गेल्या पाहिजेत. स्टेम सेलच्या नावाखाली सिद्ध न झालेले उपचार विकले गेल्याचा अनुभव आपल्या गाठीशी आहे. छापील ऊतींच्या मानवी चाचण्यांसाठी काटेकोर नियमावली बाजार उभा राहण्याआधीच हवी. संशोधनालाही वर्षा-दोन वर्षांच्या अनुदानाऐवजी दशकभर टिकणारा सार्वजनिक निधी हवा. नाहीतर उद्याचा अवयव फक्त श्रीमंतांचा होईल.

मात्र आजचा रुग्ण तोवर थांबू शकत नाही. मरणोत्तर अवयवदानाला १९९४ च्या कायद्याने वाट करून दिली, तरी देशात असे दाते दर दहा लाखांमागे एकही नाहीत. २०२३ मध्ये अठरा हजारांहून अधिक प्रत्यारोपणे झाली, पण मरणोत्तर दाते जेमतेम हजारावर गेले. बाकी भार जिवंत नातेवाइकांनी, त्यातही मुख्यतः घरातल्या बायकांनी उचलला. मेंदूमृत व्यक्तीचे अवयव आठ जणांना जगवू शकतात. त्यासाठी अतिदक्षता विभाग असलेल्या प्रत्येक रुग्णालयात मेंदूमृत्यूची तपासणी आणि नोंद वेळेवर व्हावी, कुटुंबाशी बोलायला प्रशिक्षित समन्वयक असावा. प्रयोगशाळेला वेळ द्यायलाच हवा. तो रुग्णांच्या जिवावर द्यायचा नसेल, तर दानाचा निर्णय घरोघरी आजच बोलून ठेवला पाहिजे.