छोट्या संगणकावर मोठी भिस्त

बॉयलरचे तापमान, पंपाचा दाब, मोटारीने ओढलेली वीज यांची क्षणोक्षणी नोंद ठेवणारा संगणक आता एटीएम कार्डाच्या आकारात मावतो. प्रोसेसर, मेमरी आणि सर्व जोडण्या एकाच सर्किट बोर्डावर असल्याने त्याला ‘सिंगल बोर्ड कॉम्प्युटर’ म्हणतात. कल्पना जुनीच आहे. ९० बाय ९६ मिलिमीटरच्या बोर्डांसाठीचे ‘पीसी/१०४’ हे मानक १९९२ मध्येच ठरले होते. पण ते बोर्ड महाग होते. चित्र पालटले ते २०१२ मध्ये केंब्रिजहून ३५ डॉलरला बाजारात आलेल्या ‘रास्पबेरी पाय’मुळे. मुलांना प्रोग्रामिंगची गोडी लागावी, हा त्यामागील मूळ हेतू. प्रत्यक्षात तो कारखान्यांत शिरला. २०२४ मध्ये लंडन शेअर बाजारात उतरताना कंपनीने दिलेल्या माहितीनुसार, २०२३ मध्ये विकल्या गेलेल्या नगांपैकी सुमारे ७२ टक्के औद्योगिक वापरासाठी गेले.

स्वस्ताईचा हा आकडा मात्र फसवा आहे. कारखान्यातील सेन्सर बहुधा ४ ते २० मिलिअँपिअर प्रवाहाच्या भाषेत बोलतात. शून्याऐवजी चारपासून सुरुवात करण्यात शहाणपण आहे : तार तुटली की प्रवाह शून्यावर येतो आणि बिघाड लगेच कळतो. पण रास्पबेरी पायला असा अॅनालॉग संकेत थेट वाचता येत नाही. त्यासाठी वेगळा कन्व्हर्टर, २४ व्होल्टचे पाच व्होल्ट करणारा पुरवठा आणि विजेच्या झटक्यापासून संरक्षण, हे सारे वरून जोडावे लागते. त्याहून नाजूक प्रकरण मेमरी कार्डाचे. नोंद लिहिली जात असताना वीज गेली तर फायली बिघडू शकतात. आपल्याकडील भारनियमनाचा अनुभव असलेल्यांना हे अधिक सांगायला नको. म्हणूनच जाणकार बोर्डावरच पक्की बसवलेली ‘ईएमएमसी’ मेमरी असलेले ‘कॉम्प्युट मॉड्यूल’ पसंत करतात.

हे तांत्रिक दोष निस्तरता येतात. खरी अडचण पुरवठ्याची आहे. जगभरातील चिपटंचाईमुळे ऑक्टोबर २०२१ मध्ये कंपनीने इतिहासात प्रथमच भाव वाढवला. दोन जीबीचा ‘पाय ४’ ३५ वरून ४५ डॉलरवर गेला. २०२२ मध्ये तर उपलब्ध माल आधी औद्योगिक ग्राहकांना, मग हौशी मंडळींना, असे धोरण ठरले. ज्यांचा धंदाच या बोर्डावर चालतो त्यांना प्राधान्य, हे तत्त्व म्हणून रास्तच. परंतु भोसरी-चाकणसारख्या पट्ट्यातील एखादा लघुउद्योजक दुकानातून दहा-वीस नग घेत असेल, तर त्याने कोणत्या रांगेत उभे राहायचे? त्याच्याकडे ना वर्षभराची मागणीपत्रे, ना कंपनीत ओळख. ती टंचाई सरली, तोच डिसेंबर २०२५ मध्ये मेमरी चिप महागल्याने पुन्हा भाववाढ झाली. या वेळी कारण होते कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांची भूक.

घरचा संगणक महागला तर खरेदी लांबवता येते. यंत्रात बसवलेला बोर्ड बदलायचा म्हणजे सॉफ्टवेअर, जोडण्या, चाचण्या सारेच पुन्हा. त्यामुळे उद्योगांना वेगापेक्षा दीर्घकाळच्या उपलब्धतेचे मोल अधिक. ‘कॉम्प्युट मॉड्यूल ४’ किमान जानेवारी २०३४ पर्यंत बनत राहील, असे कंपनीने जाहीर केले आहे, ते याचसाठी. भावाची हमी मात्र त्यात नाही.

देशी पर्यायाचे काय? पुण्यात मुख्यालय असलेल्या ‘सी-डॅक’ने ‘वेगा’ प्रोसेसर आणि त्यांवर आधारित ‘एरीज’ बोर्ड तयार केले आहेत. हे बोर्ड मायक्रोकंट्रोलर वर्गातील आहेत. सेन्सर वाचण्याचे काम त्यांच्यावर सोपवता येईल. रास्पबेरी पायसारख्या पूर्ण संगणकाची जागा ते घेऊ शकत नाहीत. तूर्त छोट्या उत्पादकाच्या हाती एक उपाय आहे. सेन्सर वाचणारा भाग वेगळा ठेवावा आणि तो १९७९ पासून रुळलेल्या ‘मॉडबस’ने संगणकाला जोडावा. मग बाजारात जो बोर्ड मिळेल तो बसवता येतो आणि सेन्सरच्या जोडण्यांना हात लावावा लागत नाही. त्यासाठी आरंभी थोडा जादा खर्च येतो, आणि नेमका तोच वाचवण्याकडे बहुतेकांचा कल असतो.