जुन्या घरातला मुक्काम

सहल ठरली की आपल्या घरांत हॉटेल शोधले जाते ते स्टेशनजवळचे, लिफ्ट असलेले. दिवाळीच्या सुट्टीत अहमदाबादला जाताना आम्ही जुन्या शहरातल्या पोळमधले सहा खोल्यांचे छोटे हॉटेल निवडले. पोळ म्हणजे स्वतःचा दरवाजा असलेली, वळणावळणाची गल्लीवस्ती.

खोली सांगताना नाव द्यावे लागते आणि तिथे आपल्यापैकी अनेकांचा आवाज जरा खाली येतो. आम्ही आधी पूर्ण नाव सांगितले. नकारच असेल तर तो फोनवर मिळावा, मुलांदेखत दारात नको. पलीकडून विचारणा झाली ती एवढीच : "किती जण? आमचं स्वयंपाकघर शाकाहारी आहे, चालेल ना?" चालणारच होते. रात्रीच्या जेवणाला तीन दरवाजाजवळची भटियार गल्ली होतीच.

घर लाकडी खांब-तुळयांचे. मधोमध उघडा चौक, त्यामुळे आतल्या खोल्यांतही उजेड आणि वारा. चौकाखाली टाके, गच्चीवरचे पावसाचे पाणी नळातून त्यात उतरते. पाणी साठवण्याचा धडा आम्ही वर्गात दरवर्षी शिकवतो, पण धाकट्याला तो टाक्याचे झाकण उचलल्यावर कळला.

मालकीणबाईंनी घराची हकीकत सांगितली. वारस सहा, राहायला कोणी नाही. सगळे साबरमतीपलीकडे फ्लॅटमध्ये. काही वर्षे कुलूप होते, वाळवी लागली. शेवटी सहाही जणांनी एकत्र बसून लेखी करार केला आणि पाहुणे ठेवायला सुरुवात झाली. "भाड्यातून दरवर्षी छप्पर दुरुस्त होतं, एवढं पुरे," त्या म्हणाल्या.

इथून जामा मशीद पायी जवळ. 1424 सालची ती मशीद, अडीचशेहून जास्त खांबांची. तिथली फज्र मुलांना आठवत राहील. लाल दरवाजाजवळ सिदी सय्यद या हबशी सरदाराची मशीद. तिच्या दगडी जाळीतले झाड डोळे भरून पाहावे. 2017 मध्ये युनेस्कोने हे शहर जागतिक वारसा ठरवले, भारतातले पहिलेच. त्या मानात मशिदी आहेत, मंदिरे आहेत आणि पोळमधली ही राहती घरेही आहेत.

जाणाऱ्यांनी काही गोष्टी आधी विचाराव्यात. जिने उभे असतात, म्हणून अम्मी-अब्बा सोबत असतील तर तळमजल्याची खोली मागावी. रिक्षा दारापर्यंत येत नाही. सामान कमी न्यावे. भाड्यात नाश्ता धरला आहे का, ते लिहून घ्यावे.

आणि एक विचार घरी आणावा. औरंगाबादला, जुन्नरला, कोकणात आपलेही वाडे आहेत. वाटणीच्या भांडणात कुलूप लागते, मग बिल्डर येतो. प्रत्येक वाड्याचे हॉटेल होणार नाही, व्हायलाही नको. पण सही करण्याआधी सगळ्या वारसांनी, बहिणींनीसुद्धा, एकदा त्याच चौकात बसावे. जुन्या बांधकामाची जाण असलेल्या वास्तुविशारदाला घर दाखवावे, दुरुस्तीचा खर्च काढावा. हिशेब समोर आल्यावर विकायचे ठरले तर विकावे. हिशेबच न मांडता गेलेली घरे आम्ही आमच्याच मोहल्ल्यात चार मोजली आहेत.