चाकाची माती

दिवाळी तोंडावर आली की आमच्या घरात साफसफाईवाचून दुसरा विषय नसतो. माळ्यावरचे डबे खाली येतात, खालची अडगळ माळ्यावर जाते, आणि या देवाणघेवाणीनंतर घर स्वच्छ झाले असे जाहीर करण्याचा अधिकार फक्त सौभाग्यवतींना असतो. चपला दाराबाहेर काढाव्यात हा तर घरातला सर्वांत कडक कायदा. तो मी पाळतो आणि पाहुण्यांनाही पाळायला लावतो. असा हा मी गेल्या वर्षी एका शेताच्या दारात नेमका उलटा वागलो.

गावी आमची वडिलार्जित जमीन आहे. दादा ती कसतात. मी शहरात बसून तिच्याविषयी अभिमान बाळगतो. दादांच्या मुलाने हप्त्यांवर ट्रॅक्टर घेतला आहे. घरच्या रानावर काही हप्ते फिटत नाहीत, म्हणून तो गावात भाड्याने जातो. आज याची नांगरट, उद्या त्याची पेरणी. या मुलाची एक खोड मला फार विनोदी वाटे. एक रान संपवून दुसऱ्या रानात शिरण्यापूर्वी तो बांधाबाहेर थांबायचा, खाली उतरायचा आणि खुरपे घेऊन चाके खरवडत बसायचा. मागच्या मोठ्या टायरांवर तिरपे, जाड दात असतात. काळी माती ओली असली की त्यांच्या खाचांत अशी घट्ट बसते, की चाक नुसते गोल दिसते. ती तो वीतभर वीतभर उकरून काढी. मग फाळ, मग फाळांच्या मागच्या सांदी. अर्धा तास सहज जाई, आणि त्या अर्ध्या तासाचे भाडे कोणीच देत नाही.

हरभऱ्याचे रान तयार करायचे होते आणि मी दोन दिवसांच्या रजेवर गेलो होतो. दुपारची एसटी गाठायची होती. पुतण्या ओढ्याकाठच्या एका शेतातून काम उरकून आला आणि नेहमीप्रमाणे आमच्या बांधाशी उतरला.

"काका, जरा दम धरा. चाकं खरवडून घेतो."

मी घड्याळ पाहिले. "अरे, मातीला मातीच लागायची! रांगोळी का काढायची आहे तुला? चल लवकर."

थोरल्या माणसापुढे उलट बोलायचे नाही, हे त्याला घरातून शिकवलेले. त्याने एकवार चाकाकडे पाहिले, खुरपे पेटीत टाकले आणि ट्रॅक्टर आत घातला. माझी एसटी मला वेळेवर मिळाली.

यंदा पावसाळा सरताना गेलो, तर दादा माझ्याशी धड बोलेनात. वहिनींनी हळूच सांगितले, "रानात लव्हाळा आलाय. बापलेकांचं चार महिने बोलणं नाही."

लव्हाळा म्हटले की आपल्याला शाळेत शिकलेला अभंग आठवतो आणि नम्रतेचे कौतुक वाटते. शेतकऱ्याला त्याचे कौतुक नाही. त्याच्या मुळांना जमिनीत काळ्या गाठी धरतात, एकीला दुसरी सुतासारख्या दोऱ्याने जोडलेली. वरचा पाला उपटावा तर गाठ खालीच राहते आणि पुन्हा फुटते. नांगर घालावा तर साखळी तुटते आणि एकाच्या जागी चार उगवतात. आमच्या वडिलांनी त्या रानातला लव्हाळा कुदळीने खणून, गाठी वेचून, उन्हात वाळवून संपवला होता. त्या कामात त्यांचे किती उन्हाळे गेले, हे दादांनी पाहिले होते. मी तेव्हा शहरात शिकत होतो.

रानात गेलो आणि काय घडले ते सांगायला कोणाची गरज पडली नाही. फाटकापासून आत, जिथवर फाळ खाली टेकले नव्हते तिथवर, हिरव्या लव्हाळ्याचे दोन पट्टे सरळ गेले होते. दोन पट्ट्यांतले अंतर ट्रॅक्टरच्या दोन चाकांतले. पुढे ते फिसकटून रानभर झाले होते.

दादांनी मुलाला विचारले होते, चाके खरवडली होतीस का? तो म्हणाला, नाही. का नाही, हे त्याने सांगितले नाही. माझे नाव त्याने बापापुढे चार महिने काढले नव्हते, आणि दादांनी त्याचा ट्रॅक्टर घरच्या रानात बंद केला होता. परक्याचे बैल भाड्याने आणून त्यांनी पाळी घातली होती.

रात्री जेवताना मी सांगितले. दादा भाकरी मोडत राहिले. वहिनींनी मला वाढायचे थांबवले, हे मात्र लक्षात आले. शेवटी दादा मुलाकडे न पाहताच म्हणाले, "उद्यापास्नं ट्रॅक्टर घाल." आणि मला म्हणाले, "तू किती दिवस आहेस?"

पुढचे चार दिवस मी खुरपे घेऊन त्या दोन पट्ट्यांत बसलो होतो. पुतण्या काम संपवून येई आणि शेजारी बसे. त्याच्याकडून पुष्कळ कळले. चिखल आधी खरवडावा, पाणी नंतर. पाणी मारायचे ते गोठ्यामागच्या एकाच ठरलेल्या जागी. विहिरीवर नाही, पाटात तर नाहीच. इंजिन गरम असताना गार पाणी घालू नये. रेडिएटरच्या जाळीतला भुसा आतल्या बाजूने बाहेर फुंकावा. टायर चकचकीत दिसावेत म्हणून काही जण डिझेल फासतात, त्याने रबर मऊ पडते. धुतल्यावर ग्रीस भरावे, म्हणजे सांध्यांत शिरलेले पाणी बाहेर येते. ओल्या चाकांनी डांबरी रस्त्यावर चढू नये. पडलेल्या चिखलावरून मोटारसायकली घसरतात.

त्याची ती धुण्याची जागा मी पाहून आलो. तिथे लव्हाळा, हराळी, कुंदा आणि काँग्रेस गवत एकत्र उगवते. काँग्रेस गवताची आपल्याकडची पहिली नोंद 1955 च्या सुमाराची, आणि तीही पुण्यातली. म्हणजे आम्हा शहरवाल्यांनी फुशारकी मारायचे कारण नाही. पुतण्या तिथले कोंब फुलावर येण्यापूर्वी उपटतो. कोणाच्या रानात काय माजले आहे, हे त्याला त्या हातभर जागेत कळते. तो कोणाला सांगत नाही.

बादलीभर गाठी निघाल्या. दादा म्हणाले, अजून दोन वर्षे तरी निघतील. खंडेनवमीला ट्रॅक्टर धुऊन झेंडूची माळ घातली, आणि दुसऱ्या दिवशी ओढ्याकाठचे काम करून तो बांधाशी आला, तेव्हा मी तिथेच होतो. पुतण्या खाली उतरला, त्याने पेटीतून खुरपे काढले. दुसरेही काढले आणि माझ्या हातात दिले.

"काका, डावं चाक तुमचं."