पत्र्याचं स्टेशन आणि पितळेचा कंदील

खेळण्यातल्या जुन्या आगगाड्या जमवणारी मंडळी जगभर आहेत. इंजिन तर त्यांना हवंच असतं, पण पुढे पुढे त्यांचा जीव अडकतो तो स्टेशनात. पत्र्याचा प्लॅटफॉर्म, वर-खाली होणारा सिग्नल, दिव्याचा खांब, शिशाचा बोटभर हमाल, त्याची सामानाची ढकलगाडी. कारण साधं आहे. इंजिन पोरं जपून ठेवतात, हमाल मात्र सोफ्याखाली जातो आणि परत येत नाही. म्हणून शंभर वर्षांनी नेमका हमालच दुर्मीळ होतो. :-)

या वस्तू ओळखण्याचं एक पक्कं शास्त्र झालेलं आहे. लिव्हरपूलच्या मेकॅनो कंपनीने १९२० साली हॉर्नबी गाड्या काढल्या. त्यांच्या पत्र्याच्या स्टेशनांवर विंडसर, मार्गेट, रिपन, रेडिंग अशी नावं छापलेली असायची. कुठलं नाव, कुठला रंग, यावरून जाणकार माणूस स्टेशन कुठल्या काळातलं ते सांगतो. खेळण्यावर 'डीआरजीएम' अशी अक्षरं असतील तर माल जर्मन. 'मेड इन ऑक्युपाइड जपान' असेल तर १९४५ ते १९५२ मधला. मग किंमत ठरते ती मूळ रंग शाबूत आहे का, सुटे भाग सगळे आहेत का, आणि खोका आहे का यावर. हो, खोका! नुसता पुठ्ठ्याचा मूळ खोका असला तरी भाव चांगलाच चढतो. आणि कुणी हौसेने नवा रंग मारून 'चकाचक' केलं असेल तर तो तितकाच उतरतो.

आता माझा मुद्दा. ही किंमत पत्र्याची नाही. पत्रा तो पत्राच. कुणीतरी वर्षानुवर्षं बसून याद्या केल्या, फोटो काढले, कुठल्या साली काय बदललं ते लिहून ठेवलं, त्याची ती किंमत आहे. आमच्या सॉफ्टवेअरच्या भाषेत सांगायचं तर किंमत डेटाची नसते, मेटाडेटाची असते.

हे सगळं मला सुचतं ते लातूरमुळे. आमच्या गावाला खेळण्यातलं स्टेशन नव्हतं, खरंखुरंच होतं, पण गाडी मात्र खेळण्यातली वाटावी अशी. बार्शी लाइट! एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरने अडीच फुटी रुळांवर काढलेली ही रेल्वे १८९७ मध्ये बार्शीला, १९११ मध्ये लातूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला पोचली. एका आसावर ५ टनांपेक्षा जास्त भार येऊ द्यायचा नाही हा त्याचा नियम, त्यामुळे हलके रूळ चालायचे आणि खर्च कमी व्हायचा. याच माणसाने नंतर इंग्लंडात लीक अँड मॅनिफोल्ड नावाची अशीच छोटी रेल्वे बांधली. ती १९०४ ते १९३४, म्हणजे जेमतेम तीस वर्षं चालली. पण तिकडे आजही तिची मॉडेलं बनतात, लोक घरी तिची स्टेशनं उभारतात. बार्शी लाइट १९५४ मध्ये सरकारने घेतली आणि लातूरची छोटी गाडी २००७-०८ च्या गेज बदलापर्यंत होती. शंभर वर्षांच्या आसपास! २०१६ च्या दुष्काळात मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली, तीसुद्धा याच जुन्या वाटेने. एवढं असून लातुरात कुणाला विचारा, त्या स्टेशनातला एक कंदील तरी दाखवा म्हणून. कुणाच्या तरी माळ्यावर असेल, नाहीतर मोडीत गेला असेल.

बरं, ओळखणं अवघड आहे म्हणावं तर तसंही नाही. आपल्याकडच्या वस्तू स्वतःच तारीख सांगतात. नांदेडचंच घ्या. मनमाड-हैदराबाद मीटरगेज १८९९ ते १९०१ दरम्यान सुरू झाली. ती चालवणारी कंपनी निजामाची गॅरंटीड स्टेट रेल्वे, म्हणून शिक्का 'एन.जी.एस.आर.' १९३० मध्ये निजाम सरकारने ती स्वतःकडे घेतली, तेव्हा मधला 'जी' गेला. १९५१ मध्ये मध्य रेल्वे आली, १९६६ मध्ये दक्षिण मध्य. म्हणजे कुलपावर, कंदिलावर, बिल्ल्यावर चार अक्षरं सापडली की साधारण काळ कळला. लातूरच्या बाजूला तर आणखी मजा आहे. सोलापूर विभाग १९६६ मध्ये दक्षिण मध्यकडे गेला आणि १९७७ मध्ये परत मध्य रेल्वेत आला. त्यामुळे छोट्या गाडीच्या वस्तूवर 'एस.सी.आर.' दिसलं तर तो शिक्का त्या अकरा वर्षांतला. घंटा म्हणून टांगलेला रुळाचा तुकडासुद्धा मुका नसतो. त्याच्या कडेला बनवणाऱ्या कारखान्याचं नाव आणि साल उठवलेलं असतं. इतका सोपा कोड, पण वाचणारं कुणी नाही.

पुण्यात जुन्या वस्तूंच्या एका दुकानात मी एक हातकंदील बघितला. आरशासारखा घासलेला. अक्षरं होती तिथे नुसती पुसट खाच. विचारलं, कुठल्या स्टेशनचा? दुकानदार म्हणाला, "साहेब, स्टेशनचं काय करायचंय? पितळ बघा ना, ब्रिटिश टाइमचं आहे." त्या एका घासण्याने गावही गेलं आणि सालही गेलं. उरलं ते किलोच्या भावाचं पितळ. वर 'ब्रिटिश टाइम' म्हणून आजकाल नवे कंदीलही शिक्के मारून विकतात. ओळखायचं कसं? झीज बघा. माणसाने खरंच वापरलेल्या कंदिलाची कडी हात लागतो तिथे झिजते, नकलेची सगळीकडे सारखीच.

काही जण म्हणतील, अरे, मग घ्यायला लागू, पुढे भाव येईल. मला हे पटत नाही. एक तर कायदा. रेल्वे मालमत्ता (बेकायदा ताबा) कायदा, १९६६ प्रमाणे चोरीचा संशय यावा अशी रेल्वेची वस्तू तुमच्याकडे सापडली, तर ती सरळ मार्गाने आली हे तुम्हीच सिद्ध करायचं. पहिल्याच गुन्ह्याला पाच वर्षांपर्यंत कैद आहे. म्हणून लिलावाची पावती किंवा निवृत्तीच्या वेळी मिळाल्याचा कागद हा तुमचा 'मूळ खोका' समजा. शंभर वर्षांहून जुनी वस्तू असेल तर १९७२ चा पुरावशेष कायदाही लागू होऊ शकतो, त्यामुळे परदेशी ग्राहकाचा विचार सोडाच.

पण कायदा नसता तरी माझं म्हणणं तेच राहिलं असतं. आधी नोंद, मग किंमत. आपण उलटं करतो. भाव विचारतो, कमी वाटला की मोडीत घालतो. आणि घाई आहे ती वस्तूंची नाही, माणसांची आहे. छोट्या गाडीवर ज्यांनी पूर्ण नोकरी केली ते गँगमन, पोर्टर, स्टेशनमास्तर आज सत्तरी-ऐंशीत आहेत. हा कंदील कुठल्या स्टेशनात टांगलेला असायचा, हिरवी काच का फुटली, हे त्यांनाच ठाऊक. ते गेले की वस्तू राहील, पण तिचं नाव पुसलं जाईल. कुठल्याही ब्रासोपेक्षा जास्त स्वच्छ.

मोठं संग्रहालय वगैरे होईल तेव्हा होवो. आपण तर रोज एक्सेल उघडून बसलेलेच असतो. सहा रकाने पुरेत: काय वस्तू, अक्षरं कुठली, कुठल्या स्टेशनची, कुणाकडून आली, कागद आहे का, आणि सांगणाऱ्याच्या शब्दांत तिची गोष्ट. सोबत चारही बाजूंनी फोटो. घासायचं नाही, रंग मारायचा नाही, फक्त कोरड्या फडक्याने धूळ पुसायची.

तेव्हा येत्या दिवाळीत लातूर-नांदेडकडे जाल, तेव्हा आजोबांच्या पेटीतलं ते जाड कुलूप एकदा उजेडात धरा. अक्षरं वाचा. आणि आजोबा समोर असतील तर मोबाइलचं रेकॉर्डिंग चालू करून नुसतं विचारा, "आबा, हे कुठलं हो?"

पुढचं ते सांगतील.