चावडी आणि दप्तर

आजच्या कचेरीत पाऊल टाकणाऱ्या माणसाची दृष्टी टेबलावरील फाइलीकडे जाण्याआधी हातातील मोबाइलकडे जाते. साहेबांचा हुकूम, सहकाऱ्याच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा, वरिष्ठ कार्यालयाने तातडीने मागविलेले आकडे आणि कोणी तरी पाठविलेला सुविचार हे सारे एकाच व्हॉट्सअॅप गटात एकावर एक येऊन पडते. त्यातला हुकूम कोणता आणि गप्पा कोणत्या, हे निवडण्यातच सकाळ सरते. सरकारी खाती, बँका, शिक्षणसंस्था, खाजगी कंपन्या, कोणीही याला अपवाद राहिलेले नाही.

या गोंधळावर संगणकवाल्यांनी उपाय काढला आहे. फेसबुकसारखी चावडी कचेरीच्या चार भिंतींच्या आतच उभारावी, आणि ज्या पडद्यावर मसुदे व हिशेब तयार होतात त्याच पडद्याला ती जोडून द्यावी, असा तो उपाय. ही कल्पना आजची नव्हे. 2008 साली निघालेले ‘यॅमर’ मायक्रोसॉफ्टने 2012 मध्ये 120 कोटी डॉलर मोजून विकत घेतले. 2013 मध्ये ‘स्लॅक’ आले, 2016 मध्ये फेसबुकने ‘वर्कप्लेस’ काढले, 2017 मध्ये मायक्रोसॉफ्टचे ‘टीम्स’ सुरू झाले. कोरोनाच्या काळात माणसे घरी बसून काम करू लागली आणि या साधनांचा प्रसार झपाट्याने झाला.

या कल्पनेत तथ्य आहे, हे आम्ही प्रांजळपणे मान्य करतो. पेडण्यातील कारकुनाला आज पडलेला प्रश्न काणकोणातील एखाद्या जुन्या कारकुनाने दोन वर्षांपूर्वीच सोडविलेला असू शकतो. पण दोघांची कधी गाठ पडत नाही, आणि अर्जदार मात्र हेलपाटे घालीत राहतो. दोघे एका चावडीवर आले, तर हे ज्ञान एका माणसाच्या निवृत्तीबरोबर घरी जाणार नाही. मात्र ही चावडी कामाला लागून असली पाहिजे. मसुदा एकीकडे आणि त्यावरची चर्चा दुसरीकडे अशी व्यवस्था झाली, तर कामसू माणूस तिकडे फिरकणार नाही आणि रिकामटेकड्यांना आयते व्यासपीठ मिळेल.

गोमंतकीयांना हे तत्त्व नवे वाटण्याचे कारण नाही. आमच्या गावकरीत गावकार एकत्र बसत, वाद घालीत, पण जे ठरे ते कुळकर्ण्याच्या दप्तरात लिहिले जाई. बोलणे चावडीचे, निर्णय दप्तराचा, हा भेद आमच्या पूर्वजांना नीट ठाऊक होता. आज नेमका तोच पुसला जात आहे. अधिकारी आपल्या खाजगी मोबाइलवरून हुकूम सोडतो, हाताखालचा माणूस अंगठा उंचावलेले चित्र पाठवून तो मान्य करतो, आणि अधिकाऱ्याची बदली झाली की हुकूमही त्याच्याबरोबर निघून जातो. 2005 च्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्याने ईमेल व इलेक्ट्रॉनिक स्वरूपातील मजकूरही माहितीच ठरविला आहे. पण जो मजकूर दप्तरात आलाच नाही, तो नागरिकाने मागावा कोणाकडे?

दुसरा धोका याहून गंभीर आहे. मालकाने उभारलेल्या चावडीवर मालकाचे कान असतात. कोण किती वेळा बोलला, कोणी किती निरोप पाठविले, याची गणती यंत्र निमूटपणे करीत असते. 2020 च्या अखेरीस मायक्रोसॉफ्टने अशी गणती कर्मचाऱ्यांच्या नावांनिशी मालकाला दाखविण्याची सोय केली, तेव्हा एवढी टीका झाली की कंपनीला ती नावे गाळावी लागली. पोर्तुगीज अमदानीत लग्नाची पत्रिकासुद्धा सेन्सॉरच्या नजरेखालून गेल्यावाचून छापता येत नसे, हे आमच्या वडीलधाऱ्या वाचकांना स्मरत असेल. पाळत आहे हे कळल्यावर माणूस खोटे बोलतोच असे नाही, पण खरे बोलायचे थांबतो. मग चावडीवर उरतात ते भाट. अशा चावडीपेक्षा नसलेली चावडी बरी.

तिसरी गोष्ट वेळेची. ही चावडी रात्रीही मिटत नाही. फ्रान्सने 1 जानेवारी 2017 पासून कामाच्या वेळेबाहेर संपर्कापासून अलिप्त राहण्याचा हक्क कायद्यात आणला, ऑस्ट्रेलियाने 2024 मध्ये तोच मार्ग धरला. आपल्याकडे श्रीमती सुप्रिया सुळे यांनी 2018 साली लोकसभेत याच हेतूने खाजगी विधेयक मांडले होते. देवापुढे दिवा लावण्याच्या वेळी साहेबांचा निरोप वाजावा आणि दिवा लावणारा हात थबकावा, ही काही कार्यक्षमतेची खूण नव्हे.

आणि परक्याच्या जागेत चावडी मांडली, तर जागा सोडण्याची तयारीही ठेवावी लागते. 2024 च्या मे महिन्यात फेसबुकच्या मालक कंपनीने ‘वर्कप्लेस’ बंद करण्याचे जाहीर केले. 1 सप्टेंबर 2025 पासून तेथील मजकूर केवळ वाचता येईल आणि 2026 च्या मे अखेरीपर्यंत तो उचलून न्यावा, अशी मुदत ग्राहकांना देण्यात आली. वर्षानुवर्षांचा संवाद गाठोडे बांधून हलविण्याची पाळी कित्येक संस्थांवर आली.

म्हणून आमचे सांगणे एवढेच की, राज्य सरकारने आणि खाजगी संस्थांनीही ही साधने अवश्य घ्यावीत, पण चार गोष्टी आधी लेखी ठरवाव्यात. निर्णय फाइलीतच नोंदला जाईल. चावडीवरचे बोलणे बढतीच्या वा शिक्षेच्या तराजूत घातले जाणार नाही. कामाची वेळ संपली की निरोपाला उत्तर देण्याचे बंधन राहणार नाही. आणि सारा मजकूर संस्थेच्या मालकीचा, संस्थेच्या ताब्यात राहील. साधन कोणते घ्यावे हा प्रश्न यानंतरचा. या अटी मान्य करण्याची ज्यांची तयारी नाही, त्यांना संवाद नको आहे, केवळ पहारा हवा आहे, असेच आम्ही समजू.