सीएनजी गाडी मागून ‘बसली’. ऑनलाइन मागवलेले स्प्रिंग बफर घरीच बसवणे कितपत सुरक्षित, कितपत कायदेशीर?

बाहेरून सीएनजी किट बसवलेल्या छोट्या गाडीत मागे तिघे बसले, की गतिरोधकावर खालून घासल्याचा आवाज येतो. त्यावर उपाय म्हणून मागच्या स्प्रिंगच्या वेढ्यांमध्ये अडकवायचे रबरी किंवा युरेथेनचे बफर आणि जादा कडक स्प्रिंग ऑनलाइन सहज मिळतात. व्हिडिओ पाहून अनेक जण ते सोसायटीच्या पार्किंगमध्येच बसवतात. गाडी मागून उचलली जाते, हे खरे. मात्र त्याने तिची वजन पेलण्याची क्षमता वाढत नाही.

गाडी मागून का बसते?

डिकीत बसवलेली ६० लिटरची पोलादी टाकी रिकामी असतानाच साधारण ६० किलोच्या घरात जाते. म्हणजे मागे एक प्रवासी कायमचाच बसलेला. पेट्रोलवर चालणाऱ्या गाडीच्या स्प्रिंगची आखणी करताना हे वजन धरलेले नसते. कारखान्यातूनच सीएनजीवर येणाऱ्या गाड्यांचे सस्पेन्शन त्या वजनाला धरून जुळवल्याचे कंपन्या सांगतात. बाहेरून किट बसवताना मात्र स्प्रिंगकडे क्वचितच कोणी पाहते.

बफर नेमके काय करतो?

स्प्रिंग वजन पेलते, तर शॉक अब्सॉर्बर तिची उसळी आवरतो. दोघांची जोडी कंपनीने जुळवलेली असते. बफर अडकवला की ते दोन वेढे जवळपास दबेनासे होतात आणि सगळा ताण उरलेल्या वेढ्यांवर येतो. स्प्रिंग कडक होते, पण शॉक अब्सॉर्बर जुनाच राहतो. त्यामुळे भरलेली गाडी आटोपशीर वाटते, तर एकट्याने चालवताना मागची चाके खड्ड्यांवर उडतात. पावसात, वळणावर हीच उडी महागात पडते, कारण उडालेल्या चाकाची रस्त्यावरची पकड तेवढ्यापुरती सुटलेली असते.

दुसरा मुद्दा ब्रेकचा. एबीएस येण्याआधीच्या काही गाड्यांत मागचा भाग किती दबला आहे, यावरून मागच्या ब्रेकचा दाब ठरवणारा व्हॉल्व्ह असतो. गाडी कृत्रिमरीत्या उचलली, की हा व्हॉल्व्ह फसतो. गाडी रिकामी आहे असे धरून तो मागच्या ब्रेकला कमी दाब देतो आणि तेही गाडी खच्चून भरलेली असताना! एबीएस असलेल्या गाड्यांत दाबाची वाटणी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा करते, त्यामुळे हा प्रश्न सहसा येत नाही. टायर, ॲक्सल आणि ब्रेक यांची मर्यादा मात्र दोन्हीकडे जुनीच राहते. गाडी बसणे ही वजन जास्त झाल्याची खूण होती. बफरने ती खूण तेवढी झाकली जाते.

घरी बसवताना चूक कुठे होते?

बहुतेक छोट्या गाड्यांत मागची स्प्रिंग आणि शॉक अब्सॉर्बर वेगवेगळे असतात. शॉक अब्सॉर्बरचे खालचे बोल्ट काढून मागचा बीम खाली सोडला, की स्प्रिंग हाताने निघते. काम सोपे वाटते ते यामुळेच. पण गाडीसोबत मिळणारा जॅक चाक बदलण्यापुरता असतो. स्टँड न लावता, नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाणे जिवावर बेतू शकते. बीम सोडताना ब्रेकच्या रबरी नळीवर ताण येतो, तिकडेही लक्ष जात नाही. आणि चाके लटकत असतानाच बोल्ट पक्के आवळले, तर गाडी जमिनीवर येताच आतले रबरी बुश पिळले जातात आणि लवकर फाटतात. ते बोल्ट गाडीचे वजन चाकांवर घेऊन आवळायचे असतात.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही, असा बदल मालकाला करता येत नाही. केरळमधून आलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच ठामपणे सांगितले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२ अ नुसार, परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते.

मग बफर बेकायदा आहे का? इथेच गोम आहे. कलम ५२ च्या स्पष्टीकरणात ‘बदल’ म्हणजे वाहनाच्या मूलभूत वैशिष्ट्यात फरक पाडणारा रचनेतील बदल, असे म्हटले आहे. मूळ मापाची नवी स्प्रिंग टाकणे ही दुरुस्ती झाली. बफर किंवा जादा कडक स्प्रिंग त्या व्याख्येत बसते की नाही, हे कलमात कुठेही लिहिलेले नाही. सीएनजी आणि इलेक्ट्रिक किटसाठी मंजुरीची पद्धत आहे, तशी वाट या सुट्या भागांना नाही. जर्मनीत उंची बदलणारी स्प्रिंग तपासणी संस्थेच्या प्रमाणपत्रासह विकली जाते. अनेकदा ती बसवल्यावर गाडी तपासून कागदपत्रांत नोंद करावी लागते. आपल्याकडे असा कागदच नसल्याने संशयाचा भार मालकावर राहतो.

तो सर्वाधिक जाणवतो अपघातानंतर. सीएनजी किटची नोंद विमापत्रात असते, बफरची नसते. नुकसानीचा दावा आल्यावर सर्व्हेअरने तो पाहिला, तर विमा कंपनी न कळवलेल्या बदलावर बोट ठेवू शकते. तेव्हा दाखवायला मालकाकडे असते ती फक्त ऑनलाइन खरेदीची पावती.