खुराक, सुई आणि भरतीचे मैदान

पोलीस भरतीची जाहिरात निघणार अशी नुसती कुणकुण लागली, की भोर आणि वेल्हे तालुक्यांतील रस्त्यांवर पहाटेच्या अंधारात पावले धावू लागतात. वेल्हे तालुक्याला आता राजगड हे नाव मिळाले असले, तरी गावागावांतील तरुणांचे प्रश्न नावाबरोबर बदललेले नाहीत. भाटघर, नीरा-देवघर, गुंजवणी, पानशेत, वरसगाव या धरणांनी खोऱ्यांतील सपाट जमीन पोटात घेतली. उरली ती डोंगरउताराची वावरे, इंद्रायणी भाताची खाचरे आणि वरच्या अंगाला नाचणी-वरई. एवढ्यावर सर्व भावंडांचे भागत नाही. म्हणून हिरडस आणि गुंजण मावळातील मुलांपुढे पुण्याची वा शिरवळची कंपनी, सैन्य आणि पोलीस असे मोजकेच मार्ग उरतात. त्यातला खाकी वर्दीचा मार्ग सर्वांत मानाचा आणि सर्वांत खात्रीचा समजला जातो.

या मार्गाच्या तोंडाशी पन्नास गुणांची शारीरिक चाचणी आहे. मुलांसाठी सोळाशे मीटर धावण्याला २० गुण, शंभर मीटरला १५ आणि गोळाफेकीला १५. सोळाशे मीटरमध्ये काही सेकंद इकडचे तिकडे झाले, तर वर्षाची मेहनत आणि घरच्यांची आशा दोन्ही वाया जातात. त्यातच वयोमर्यादा जवळ येत असते. अशा वेळी कोणी ओळखीचा माणूस, कोणी व्यायामशाळेतील ‘सर’, हलक्या आवाजात सांगतो, की एक गोळी, एक इंजेक्शन, आणि काम फत्ते. जत्रेच्या फडासाठी तयारी करणाऱ्या पोरालाही हेच सांगितले जाते आणि आरशासमोर दंड फुगवून पाहणाऱ्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यालाही हेच. २०२३ सालच्या भरतीच्या वेळी राज्यात काही ठिकाणी उमेदवारांजवळ उत्तेजक औषधे आणि सुया सापडल्याच्या बातम्या आल्या होत्या. तेव्हा हा प्रश्न ऑलिंपिकपुरता राहिलेला नाही. तो डोंगराच्या कुशीतील वाड्या-वस्त्यांपर्यंत येऊन पोचला आहे.

प्रथम शब्दांचा घोळ दूर केला पाहिजे. ‘स्टेरॉइड’ या एकाच नावाखाली लोक तीन वेगळ्या गोष्टी एकत्र करतात. दमा, संधिवात यांसाठी डॉक्टर जी देतात, ती प्रेडनिसोलोनसारखी औषधे निराळी. त्यांनी दंड वाढत नाहीत. उलट दीर्घकाळ घेतल्यास स्नायू झिजतात. ती रुग्णाने भीतीपोटी अचानक बंद करणेही धोक्याचे. दुसरी मेफेंटरमिनसारखी उत्तेजके. शस्त्रक्रियेत भूल दिल्यानंतर रक्तदाब घसरला, तर तो सावरण्यासाठी डॉक्टर हे इंजेक्शन वापरतात; तेच आज व्यायामशाळांत ‘ताकदीचे’ म्हणून टोचून घेतले जाते आणि पुण्यात व पश्चिम महाराष्ट्रात पोलिसांना त्याचे बेकायदा साठे पकडावे लागले आहेत. निरोगी हृदयाला असे औषध देऊन पळायला लावणे म्हणजे चढावर चाललेल्या बैलाला पराणी टोचण्यासारखे आहे. तिसरी, आणि या चर्चेचा मुख्य विषय असलेली, ती ॲनाबॉलिक स्टेरॉइडे : पुरुषी संप्रेरक टेस्टोस्टेरॉन आणि त्याची कृत्रिम भावंडे.

यांच्याविषयी बोलताना एक सत्य मान्य करूनच पुढे जावे लागते. ही औषधे काम करतात. ‘यांनी काही होत नाही’ असे वडीलधारी माणसे सांगतात, तेव्हा तरुणांचा त्यांच्यावरचा विश्वास उडतो. कारण शेजारचा मुलगा तीन महिन्यांत कसा फुगला, हे त्याने पाहिलेले असते. १९९६ साली अमेरिकेत शलेंदर भसीन या डॉक्टरांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी प्रौढ पुरुषांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. दहा आठवडे मोठ्या मात्रेत टेस्टोस्टेरॉन देऊन व्यायाम करवलेल्यांचे चरबी वगळता वजन सरासरी सहा किलोंनी वाढले. नुसता व्यायाम करणाऱ्यांचे सुमारे दोन किलोंनी. आणि व्यायाम न करता केवळ औषध घेणाऱ्यांचेही सुमारे तीन किलोंनी वाढले. अर्थात, घाम न गाळणाऱ्याने घाम गाळणाऱ्याला मागे टाकले. मोह खरा आहे तो यामुळेच. पण तो प्रयोग दहा आठवड्यांचा होता, डॉक्टरांच्या देखरेखीखाली होता, औषध शुद्ध होते आणि प्रत्येकाच्या रक्ताची तपासणी होत होती. व्यायामशाळेच्या मागच्या खोलीत यांपैकी एकही गोष्ट नसते.

शरीराचा हिशेब चोख असतो. बाहेरून संप्रेरक येऊ लागले, की मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी वृषणांना ‘आता गरज नाही’ असा निरोप देते. ती आकसतात, शुक्रजंतूंची संख्या घटते; काहींच्या छातीवर स्त्रीसारखे उभार येतात. औषध थांबवल्यावर शरीराचे स्वतःचे उत्पादन पूर्ववत व्हायला महिने लागतात, कधी त्याहूनही अधिक. त्या काळात कमावलेले स्नायू उतरतात आणि मनाला खिन्नता घेरते. म्हणूनच सुरुवात सोपी आणि सोडणे अवघड असते. तोंडाने घेण्याच्या गोळ्या यकृताला इजा करतात. रक्तातील हितकारक कोलेस्टेरॉल घटते, रक्त दाट होते, हृदयाची भिंत जाड होते. स्नायू वेगाने वाढतात, पण त्यांना हाडाशी बांधणारे स्नायुबंध तितक्या वेगाने बळकट होत नाहीत, म्हणून ते तुटतात. मुलींच्या बाबतीत आवाज घोगरा होतो, तो पुन्हा पूर्ववत होईलच असे नाही. एकाच सुईने दोघा-तिघांनी टोचून घेतल्यास कावीळ आणि एचआयव्ही यांची भर पडते.

आणि सर्वांत क्रूर थट्टा कोवळ्या वयाची होते. वाढत्या मुलाच्या हाडांची टोके या औषधांमुळे वेळेआधी मिटतात आणि उंची खुंटते. पोलीस भरतीत पुरुष उमेदवाराला किमान १६५ सेंटिमीटर उंची लागते. सोळाव्या वर्षी भरतीसाठी म्हणून सुई टोचून घेणारा मुलगा त्याच भरतीचे दार स्वतःच्या हाताने लावून घेत असतो.

महाराष्ट्राला या विषयाची ठेच लागलेली आहे. सलग तीन वेळा महाराष्ट्र केसरी ठरलेला आणि राज्य पोलीस दलात अधिकारी असलेला नरसिंग यादव २०१५ च्या जागतिक स्पर्धेत कांस्यपदक मिळवून रिओ ऑलिंपिकला पात्र झाला. २०१६ च्या जून महिन्यातील चाचणीत त्याच्या नमुन्यात मेथांडिएनोन हे ॲनाबॉलिक स्टेरॉइड आढळले. अन्नात कोणी तरी भेसळ केली, आपला घात झाला, असे त्याचे म्हणणे होते. राष्ट्रीय संस्थेने ते मान्य करून त्याला मोकळे केले. परंतु जागतिक संस्था क्रीडा लवादाकडे गेली आणि १८ ऑगस्ट २०१६ रोजी, कुस्तीच्या आदल्या दिवशी, लवादाने त्याच्यावर चार वर्षांची बंदी घातली. खरे काय घडले याविषयी मतभेद राहतील. पण एक नियम त्या दिवशी सर्वांना कळला : खेळाडूच्या शरीरात जे सापडते, त्याचा जबाब खेळाडूलाच द्यावा लागतो. डब्यावर नाव एक आणि आत माल दुसरा, अशी पावडर बाजारात असताना हा नियम तालमीतल्या प्रत्येक पोराला पाठ असला पाहिजे.

हे मेथांडिएनोन म्हणजे काही नवे रसायन नव्हे. १९५८ साली ते अमेरिकेत ‘डायनाबॉल’ या नावाने बाजारात आले आणि जॉन झिग्लर या डॉक्टरने ते वजन उचलणाऱ्यांना दिले. आपण हा मार्ग दाखवला याची खंत त्याला पुढे लागून राहिली. पूर्व जर्मनीच्या सरकारने अशाच गोळ्या, जीवनसत्त्वे आहेत असे सांगून, कोवळ्या मुलींनाही चारल्या; पदकांचा ढीग लागला आणि जर्मनी एक झाल्यावर २००० साली त्या कारस्थानाच्या सूत्रधारांना न्यायालयाने दोषी ठरवले. १९८८ साली सोल येथे ९.७९ सेकंदांत शंभर मीटर धावलेल्या बेन जॉन्सनचे सुवर्णपदक तीन दिवसही त्याच्याकडे टिकले नाही. जगाने ही शाळा पूर्वीच केली आहे. तिची फी भोर-वेल्ह्याच्या मुलांनी पुन्हा भरण्याचे कारण नाही.

यावर एक आक्षेप घेतला जातो, आणि तो गंभीरपणे घेतला पाहिजे. सज्ञान माणूस तंबाखू खातो, दारू पितो. मग स्वतःच्या शरीराचा धोका त्याने स्वतः पत्करला तर इतरांनी बोलावे का? याला उत्तर असे, की निर्णय हा निर्णय ठरण्यासाठी माहिती आणि मोकळीक दोन्ही लागतात. येथे सल्ला देणारा आणि माल विकणारा बहुधा एकच असतो. बाटलीत काय आहे हे दोघांनाही ठाऊक नसते. शिवाय स्पर्धेत एकाचा निर्णय एकट्याचा राहत नाही. एकाने सुई टोचली, की दुसऱ्यापुढे प्रामाणिकपणे हरणे किंवा सुई टोचणे एवढेच पर्याय उरतात. भरतीच्या मैदानावर तर मागे पडलेला मुलगा पदकाला नव्हे, भाकरीला मुकतो. जो कायद्याचा रक्षक व्हायला निघाला आहे, त्याने पहिलेच पाऊल फसवणुकीवर टाकावे, यातील विसंगती वेगळी सांगायला नको.

तथापि सगळा दोष तरुणांच्या माथी मारणे हे आळशीपणाचे लक्षण ठरेल. आपल्या तालमीत खुराक हा शब्द फार मोठा आहे. जोर-बैठका, लाल माती, दूध, तूप, बदाम, आणि वस्तादाची नजर. वर्षानुवर्षांच्या या साधनेतून शरीर घडत असे. पण खुराकाला पैसा लागतो, आणि साधनेला वेळ. दुधाचा रतीब घालून घर चालवणाऱ्याच्या मुलाला दूध परवडत नाही, ही या भागाची खरी शोकांतिका आहे. अंडी, डाळ, हरभरा, शेंगदाणे, दूध आणि पुरेशी झोप यांवर शरीर उत्तम घडते. हे शास्त्र शिकवणारा प्रशिक्षक आणि धावण्याजोगे एखादे मैदान भोरला व वेल्ह्याला नीट मिळाले, तर सुईवाल्याचे गिऱ्हाईक आपोआप कमी होईल.

सरकारची जबाबदारी याहून मोठी आहे. २०२२ साली देशाने उत्तेजकविरोधी कायदा केला. परंतु त्याची नजर स्पर्धेतील खेळाडूंवर आहे, भरतीचे मैदान आणि व्यायामशाळा त्याच्या कक्षेबाहेर राहतात. २०२३ मध्ये भारतात तपासलेल्या सुमारे ५,६०० नमुन्यांपैकी २१३ दोषी निघाले, म्हणजे शंभरात जवळजवळ चार. जेथे तपासणीच होत नाही, तेथील चित्र याहून बरे असेल असे मानण्यास आधार नाही. शारीरिक चाचणीत निवडक उमेदवारांची तरी उत्तेजक तपासणी जाहिरातीतच बंधनकारक करावी. चिठ्ठीशिवाय ही औषधे विकणाऱ्या दुकानांवर अन्न व औषध प्रशासनाने हात टाकावा. जत्रेच्या समित्यांनी इनामाची रक्कम जाहीर करताना स्वच्छ कुस्तीची अटही जाहीर करावी.

उरलेले काम शिक्षकांचे आणि घरातील वडीलधाऱ्यांचे. दहावी-बारावीच्या वर्गात भीती न घालता, खोटे न बोलता, हा विषय मोकळेपणाने मांडला गेला पाहिजे. ज्याने आधीच सुरुवात केली आहे, त्याला हिणवून नव्हे, तर आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांकडे नेऊन परत आणले पाहिजे. राजगडाच्या पायवाटेला जवळचा रस्ता असतोच. पण तो कड्यावरून जातो, हे वाटाड्याने आधी सांगायचे असते. पोर घसरल्यावर सांगणारा वाटाड्या कोणाच्याच कामाचा नसतो.